सह्याद्रीच्या पायऱ्या

ऐन पावसाळ्यात मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालात की टोकावडे मागे पडतं आणि समोर भिंत उभी राहते. धुकं जरा हललं की तिच्यावरचे धबधबे दिसू लागतात. नीट पाहिलंत तर त्यांची एक खोड लक्षात येईल. वरून थेट खालपर्यंत एका दमात पडणारे फार थोडे. बाकीच्यांचं पाणी कड्यावरून उडी घेतं, एका हिरव्या पट्ट्यावर टेकतं, तिथून सरपटत पुढच्या काठाशी येतं आणि पुन्हा उडी घेतं. कडा, उतार, कडा, उतार. अख्ख्या डोंगराला कुणी पायऱ्या पाडून ठेवल्यात असं वाटतं.

मला सह्याद्रीबद्दल जे सांगायचंय ते सगळं या पायऱ्यांभोवती फिरतं. गावं नेमकी कुठे वसली, किल्ल्यावरचं एखादं टाकं भर मे महिन्यातही का आटत नाही, कारागिरांनी लेण्यांसाठी अमुकच कातळ का निवडला, घाटवाटा त्याच घळीतून का उतरतात, आणि प्रचंड पाऊस झेलणाऱ्या वाडीत एप्रिलमध्ये टँकर का लागतो, हे सगळं डोंगराच्या थरांनी ठरवलेलं आहे. गंमत म्हणजे शाळेच्या भूगोलात आपण जे 'डेक्कन ट्रॅप' पाठ केलं, त्यातल्या 'ट्रॅप'चं मूळही पायरीच आहे. स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्राप्पा' म्हणतात. असा पायऱ्यापायऱ्यांचा काळा खडक दिसला की युरोपातले भूवैज्ञानिक त्याला ट्रॅप म्हणू लागले, आणि दख्खनलाही तेच नाव चिकटलं.

मग सह्याद्री ज्वालामुखी होता का?

हा प्रश्न ट्रेकला गेल्यावर दर वेळी कुणीतरी विचारतंच. कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून लोक खाली विवर शोधतात. खडक ज्वालामुखीचा आहे, शंभर टक्के. पण चित्रात असतो तसा शंकूसारखा, तोंडातून धूर ओकणारा पर्वत इथे नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून लाव्हा वर आला. तो उंच उडून डोंगर रचण्याऐवजी पसरला, सपाट, मैलोन् मैल.

हे घडलं साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्रातून उत्तरेकडे सरकणारं ते एक मोठं भूखंड होतं, आणि त्याचा वेगही जबर होता, वर्षाला पंधराएक सेंटीमीटर. वाटेत ते अशा एका जागेवरून गेलं जिथे पृथ्वीच्या पोटातून अतितप्त खडकाचा स्तंभ वर येत होता. तो स्तंभ अजून तिथेच आहे. भारत पुढे निघून आला आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची एक रांग उमटत गेली: लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस ज्या बुडालेल्या कण्यावर उभे आहेत तो कणा, मग मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन बेट. रियुनियनवरचा 'पितों द ला फुर्नेझ' हा ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो. ज्या शेगडीवर आपला डोंगर शिजला, तीच ती.

दख्खनचा हा खडक आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. म्हणजे महाराष्ट्राचा बराच मोठा भाग, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणाचे भाग. मूळ पसारा याहून कितीतरी मोठा होता. काही प्रवाह जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत वाहत थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले असं रसायनशास्त्रीय पुराव्यांवरून दिसतं. तो प्रवास हजारएक किलोमीटरचा आहे. पृथ्वीवर माहीत असलेल्या सगळ्यांत लांब लाव्हा प्रवाहांमध्ये त्यांची गणना होते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. हा सगळा लाव्हा एका झटक्यात आलेला नाही. मुख्य उद्रेक साधारण दहा लाख वर्षांच्या आसपास चालला, आणि तोही थांबत थांबत. एक प्रवाह यायचा, गार व्हायचा. मग मोठी विश्रांती, कधी शेकडो, कधी हजारो वर्षांची. त्यात पाऊस पडायचा, खडक झिजून माती व्हायची, झाडं उगवायची, तळी भरायची. मग पुन्हा लाव्हा. वरळीच्या टेकडीत अशाच दोन प्रवाहांच्या मधल्या गाळाच्या थरात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले. 1847 मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. उद्रेकांच्या मधल्या शांत काळात त्या तळ्यात बेडूक डराव डराव करत होते, ही कल्पना मला अजूनही थक्क करते.

डायनोसॉर नेमके याच सुमारास संपले. मेक्सिकोत चिक्शुलुबला आदळलेला अशनी त्याला मुख्यतः कारणीभूत, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पण दख्खनच्या लाव्हाबरोबर जे कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू बाहेर पडले, त्यांनी हवामान आधीच किती बिघडवलं होतं यावर वाद चालू आहे. दख्खनच्या खडकांची वयं अलीकडे फार बारकाईने काढली गेली, ती मुख्यतः या वादापायीच.

एक थर, जवळून

आता एकच प्रवाह घेऊ. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की काय होतं आठवा. वरचा पापुद्रा धरतो आणि आतल्या वाफेने भाकरी टम्म फुगते. लाव्हाचंही तसंच. पातळ जीभ पुढे सरकते, तिच्यावर लगेच कातडी धरते, पण मागून आत गरम लाव्हा भरतच राहतो. कातडी उचलली जाते, जीभ फुगत फुगत काही मीटर, कधी दहा-वीस मीटर जाड होते. आत विरघळलेले वायू बुडबुडे होऊन वर चढतात आणि वरच्या कातडीखाली अडकतात. तिथला दगड जाळीदार होतो. मधला भाग मात्र सावकाश गार होतो, म्हणून घट्ट, काळा आणि जड. गार होताना तो आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. क्वचित या भेगा इतक्या शिस्तीत पडतात की दगडाचे षटकोनी खांब उभे राहतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे सुमारे 60 मीटर उंचीचे असेच खांब.

विहिरी खणणाऱ्यांना हे सगळं पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. घट्ट काळ्या दगडाला ते काळा पाषाण म्हणतात, त्यात पहार टिकत नाही. सच्छिद्र, ठिसूळ, पांढरे ठिपके असलेला तो मांजऱ्या. मांजऱ्या लागला की कामाला वेग येतो आणि पाण्याची आशाही वाढते.

ते पांढरे ठिपके एकदा जवळून पाहा. गडाच्या वाटेवर कातळाला हात टेकला की बोटांखाली हरभऱ्याएवढे, कधी चिंचोक्याएवढे खडे लागतात. ते बुडबुडेच आहेत. लाव्हा गार झाल्यावर लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून कोमट, क्षारयुक्त पाणी झिरपलं आणि आत स्फटिक धरले. मोठी पोकळी फुटली तर आत पंख्यासारखे पसरलेले स्टिलबाइट किंवा काचेसारखे स्वच्छ अपोफिलाइट दिसतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून मिळणारा निळाशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेला असतो. (गडावरचे स्फटिक फोडून खिशात घालू नका, एवढी विनंती. ते जिथे आहेत तिथेच सुंदर दिसतात.)

प्रवाह गार झाला, विश्रांती सुरू झाली, वरच्या भागाची माती झाली. मग पुढचा प्रवाह आला आणि त्याने ती माती विटेसारखी भाजून काढली. ती झाली लाल. घाटातल्या रस्त्याच्या कापात काळ्या खडकांच्या मध्ये गेरूच्या रंगाची हातभर, कधी पुरुषभर जाडीची आडवी पट्टी दिसते, ती हीच. भूवैज्ञानिक तिला रेड बोल म्हणतात. दोन उद्रेकांच्या मधला जो काळ, तो दगडात असा लाल उमटलेला आहे.

आता पायऱ्यांचं कोडं सुटतं. घट्ट पाषाण उभा तुटतो, त्याचा कडा होतो. मांजऱ्या आणि लाल थर झिजतात, त्यांचा उतार होतो, त्यावर माती साठते, गवत आणि रान वाढतं. वर पुन्हा घट्ट पाषाण, पुन्हा कडा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहा, नाहीतर खालून कोकणातून रायगडाकडे पाहा. सगळीकडे तोच ठेका.

सगळे थर दिसायला सारखेच काळे, मग कोणता कुठला हे ओळखायचं कसं? 1980 च्या दशकात दगडांचं रासायनिक विश्लेषण करून ते गट पाडले गेले, आणि गटांना नावं दिली ती जवळच्या गावांची. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात दख्खनवर काम करणारा माणूस ही नावं रोज घेतो. मला याचा मनापासून आनंद वाटतो. हे सगळे थर एकावर एक रचले तर जाडी तीन किलोमीटरच्या वर जाते, पण एका जागी ते सगळे सापडत नाहीत. थर दक्षिणेकडे अगदी किंचित कललेले आहेत. त्यामुळे नाशिकच्या बाजूचे डोंगर जुन्या थरांचे आणि महाबळेश्वरचा माथा नव्या थरांचा. कळसूबाई 1646 मीटर उंच, राज्यातलं सर्वोच्च शिखर, तरी तिच्या माथ्यावरचा दगड महाबळेश्वरच्या दगडाहून आधीचा आहे.

उचललेला नाही, उरलेला

हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून वर उचलला गेला. सह्याद्रीची तऱ्हा वेगळी. इथे लाव्हाचं सपाट पठार होतं. उद्रेक ओसरताना, साधारण 6 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी, भारताची पश्चिम कड तुटली. तुटून मागे राहिलेला तुकडा म्हणजे आजची सेशेल्स बेटं. तुटताना काठ खाली वाकला. पनवेलच्या पश्चिमेला थर आडवे न राहता समुद्राकडे कललेले दिसतात, मुंबईच्या टेकड्यांतही. आणि पठाराची उरलेली बाजू पूर्वेकडे कलती राहिली.

याचा परिणाम आपण रोज बघतो पण कधी विचार करत नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. तरी ती समुद्राकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरी, भीमा, सगळ्या तशाच. पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या मात्र आखूड आणि तडफदार. अफाट पावसाचं पाणी घेऊन त्या कड्यावरून कोसळतात आणि कड्याचा पाया कुरतडतात. पाया गेला की वरचा पाषाण उभ्या भेगांवर सुटतो आणि दरीत जातो. असं करत करत मूळ समुद्राजवळ असलेला हा कडा पूर्वेकडे सरकत आजच्या जागी आला, असं मानलं जातं. त्याने मागे सोडलेली जमीन म्हणजे कोकण. माथेरान, प्रबळगड, मलंगगड हे कोकणात सुटे पडलेले डोंगर म्हणजे मागे राहिलेले तुकडे. सुळकेही तसेच. आजूबाजूचं सगळं गेलं, हे राहिलं.

ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्यातल्या कित्येक आत गोठलेल्या लाव्हाने भरून राहिल्या, उभ्या भिंतींसारख्या. त्यांना डाइक म्हणतात. कुठे ही भिंत आजूबाजूच्या दगडाहून टणक निघते आणि डोंगराची सरळ धार होऊन उभी राहते. कुठे तिच्या कडेचा दगड भाजून तडकलेला असतो, तिथून पाणी शिरतं आणि सरळसोट घळ पडते. आपण जिला नाळ किंवा नळी म्हणतो त्यांतल्या बऱ्याच अशा कमकुवत रेषांवर आहेत. माणसाला उतरायला वाट मिळाली ती तिथेच.

वरच्या माथ्यावर आणखी एक प्रकार घडला. लाखो वर्षांच्या उन्हापावसात बेसाल्टमधले, म्हणजे याच काळ्या खडकातले, विरघळणारे घटक धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, आणि जांभा तयार झाला. पाचगणीचं टेबललँड जांभ्याची टोपी घालून बसलंय. कासचं पठारही जांभ्याचं. तिथे माती जेमतेम वीतभर आणि तीही निकस. म्हणून तर तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू अशा कीटक खाणाऱ्या वनस्पती आहेत, जमिनीतून न मिळणारं नत्र त्या किड्यांकडून मिळवतात. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला त्यात कासचाही समावेश आहे. आणि उतारांवर कारवी. सात वर्षं नुसती वाढते, मग एका वर्षी सगळे उतार एकदम जांभळे होतात, बी धरतं आणि ती मरून जाते. तिच्या काठ्यांचे कुड घालून, वरून शेणमाती लिंपून डोंगरातल्या पिढ्यांनी घरं उभी केली.

माणूस आला

पूर्वेकडे वाहून गेलेल्या झिजेची काळी माती झाली. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवणारी ही जमीन शेतकऱ्यांनी फार लवकर ओळखली. प्रवरेच्या काठी संगमनेरजवळ जोर्वे येथे 1950-51 मध्ये उत्खनन झालं आणि साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी काढणारी ही माणसं. प्रवरा रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावते, म्हणजे त्यांच्या शेतातली माती याच डोंगरातून आलेली.

मग व्यापार आला. कल्याण आणि सोपारा ही बंदरं खाली, जुन्नर आणि पैठण वर, मध्ये शेकडो मीटरची भिंत. सातवाहनांच्या काळात नाणेघाटाची वाट बांधून काढली गेली. घाटमाथ्यावरच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दानांची त्यात यादी आहे आणि भारतातल्या अंकचिन्हांच्या सगळ्यांत जुन्या नमुन्यांपैकी काही तिथे कोरलेले आहेत. वर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरा सांगते.

या वाटांच्या आजूबाजूला लेणी. भाजे, कार्ले, बेडसे, कान्हेरी, जुन्नरभोवतालची शेकडो. इथे दगडाची निवड फार महत्त्वाची. मांजऱ्यात खोदलं तर छत टिकणार नाही, भेगाळ पाषाणात खोदलं तर पाणी झिरपणार. जाड, एकसंध, कमी भेगांचा प्रवाह हवा. असा प्रवाह सापडला की त्याच्या रेषेत लेण्यांची रांगच लागते, म्हणून ती एका पातळीवर ओळीने दिसतात. कार्ल्याचा चैत्य पंचेचाळीसएक मीटर आत गेलाय आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी अजून आहेत. काम कसं चालायचं ते पूर्ण झालेल्या लेण्यात कळत नाही, अर्धवट राहिलेल्यात कळतं. अजिंठ्याचं 24 वं लेणं अर्धवट आहे. तिथे खांब अजून दगडाच्या भिंतीत अडकलेले आहेत, छताखाली पोकळी करून मग वरून खाली येत गेल्याच्या खुणा स्पष्ट आहेत. छिन्नीचे तिरपे ओरखडे हाताच्या अंतरावर दिसतात. वेरूळचं कैलास लेणं तर अख्खंच वरून खाली उतरलेलं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं ते मुख्य काम. चूक झाली तर तुकडा जोडायची सोय नव्हती.

किल्ल्यांचं गणित सरळ पायऱ्यांचंच. सगळ्यांत वरच्या पाषाणाचा उरलेला तुकडा म्हणजे बालेकिल्ला. त्याच्या खालचा सपाट, रुंद टप्पा म्हणजे माची. माचीचा काठ जिथे संपतो तो कडा म्हणजे आयती तटबंदी. राजगडावर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना पसरतात आणि मध्ये बालेकिल्ला उभा राहतो. झिजून उरलेल्या डोंगराचा आकार जसा होता तसाच शिवाजी महाराजांच्या बांधणाऱ्यांनी वापरला, आणि जिथे निसर्ग कमी पडला तिथे तेवढीच भिंत घातली. कुठे कडा तासून आणखी उभा केला. 1674 मध्ये राज्याभिषेक झाला तो रायगडही चहूबाजूंनी असाच कातळात तुटलेला. 2025 मध्ये राजगड, रायगड, साल्हेर, शिवनेरी यांच्यासह मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. तेव्हा गिरिदुर्ग ज्या खडकामुळे गिरिदुर्ग झाले, त्याचीच आठवण मला तरी सगळ्यांत आधी झाली.

आणि टाकी. एखाद्या गडावर उन्हाळ्यात दुपारी पोचा, घसा कोरडा पडलेला असतो. कड्याच्या पोटात खोदलेल्या खांबटाक्यापाशी वाकून बघा. आत अंधार, गारवा आणि पाणी. डोळे सरावले की मागच्या भिंतीवर एक आडवी ओली रेघ दिसते, शेवाळलेली. वरच्या पाषाणाच्या भेगांतून उतरलेलं पावसाचं पाणी खालच्या चिवट लाल थरावर अडलं आणि आडवं चालत इथवर आलं. त्या रेघेतून थेंब पडतो. थोड्या वेळाने दुसरा. टाकं खोदणाऱ्याने ती रेघ हेरली होती. सगळीच टाकी अशी नसतात, पुष्कळशी नुसती पावसाचं पाणी साठवतात. पण ज्यांना जिवंत झरा आहे ती अशा सांध्यावर असतात, आणि उन्हाळा काढतात.

इंग्रजांनी 1818 नंतर गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगाने उडवले, आणि पुढे त्याच डोंगराला सुरुंग लावून रेल्वे चढवली. बोरघाटातला मार्ग 1863 मध्ये सुरू झाला: 25 बोगदे आणि 37 फुटांना एक फूट चढ. हजारो मजूर त्यात कॉलऱ्याने, तापाने आणि अपघातांनी मेले. त्यांची नावं कुठल्याही बोगद्यावर कोरलेली नाहीत.

पाणी आणि दरड

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला घाट उतरून वाईला आलात की तो हजाराच्या आत येतो. पण कोरडं फक्त पूर्वेलाच पडतं असं नाही. घाटमाथ्यावरच्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी वाड्यांत चार महिने छप्पर फोडणारा पाऊस आणि मार्चपासून बायकांच्या डोक्यावर हंडे. काळ्या पाषाणाला वाळूसारखी पाणी साठवायची जागाच नसते. पाणी राहतं ते भेगांत, मांजऱ्यात आणि वरच्या मुरमात. तेवढी जागा भरली की बाकी सगळं वाहून कोकणात. म्हणून इथे एका शेतातल्या विहिरीला पाणी आणि पन्नास पावलांवरची कोरडी, हे नशीब नाही. कोणता थर कुठे उघडा पडलाय, झरा कुठल्या सांध्यातून येतो, हे पाहून वर पाणी मुरवलं तर झरा जास्त दिवस टिकतो. झऱ्याच्या वरच्या अंगाला चर कुठे खणायचे हे थरांच्या कलावर ठरवायला हवं. नुसते आखणीप्रमाणे खणलेले चर पुष्कळदा दुसऱ्याच दरीला पाणी देतात, आणि त्या श्रमांची मला फार हळहळ वाटते.

गावं वसली तीही पायरीवर. कड्याखालच्या उतारावर माती आहे, झरा आहे, भातखाचरं पाडता येतात, पाठीशी डोंगराचा आडोसा. माणसाने दुसरीकडे जावं तरी कुठे? पण ती माती म्हणजे वरच्या कड्यावरून शतकानुशतकं पडलेला भराव असतो, खालच्या गुळगुळीत पाषाणावर नुसता टेकलेला. अतिवृष्टी झाली की पाणी भरावात भरतं, पाषाणात शिरू शकत नाही, मातीचं वजन वाढतं, धर सुटतो. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच पहाटे-सकाळी गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी. 27 मृतदेह मिळाले, 57 जणांचा शोध थांबवावा लागला.

अशा उतारावर राहणाऱ्यांनी आणि पावसाळ्यात तिथे मुक्कामाला जाणाऱ्यांनी काही खुणा डोळ्यांत ठेवाव्यात. घराच्या वरच्या बाजूला जमिनीला कमानीसारखी भेग पडते आणि दिवसागणिक रुंदावते. सरळ उभी झाडं, विजेचे खांब कलू लागतात. भिंतींना नवे तडे जातात, दारं चौकटीत अडकतात. जिथे कधी झरा नव्हता तिथे पाणी फुटतं, नेहमीच्या झऱ्याचं पाणी एकाएकी लाल, गढूळ येतं. बारीक दगड विनाकारण घरंगळत राहतात. आणि पाऊस कोसळत असताना ओढ्याचं पाणी अचानक ओसरलं, तर वर कुठेतरी माती सरकून प्रवाह अडलेला असू शकतो. तेव्हा सामान बांधत बसायचं नाही. ओढ्याची वाट सोडून आडव्या दिशेने, पोरांना आणि म्हाताऱ्यांना पुढे घालून, तसंच निघायचं.